कानाआधी डोळा

काळ्या चौकोनाच्या मधोमध पांढऱ्या ऐंशी रेघा, एकीखाली एक. प्रत्येक रेघ डावीकडून जवळजवळ सपाट निघते, मध्यावर एकदम उसळते, दोन-चार टोकदार शिखरं काढते आणि पुन्हा सपाट होऊन उजवीकडे संपते. लांबून पाहावं तर रात्रीची डोंगररांग वाटते. जवळ जावं तर कुठल्याशा यंत्राने काढलेला आलेख. पुढच्या बाजूला ना कलाकाराचं नाव, ना रेकॉर्डचं. १९७९ च्या जून महिन्यात मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन' या चौघांच्या बँडची पहिली एलपी, 'अननोन प्लेझर्स', या कव्हरात दुकानांत आली. ती उलटून मागचा मजकूर वाचेपर्यंत आत काय भरलंय याचा पत्ता लागत नसे. आणि तरीही, सुई तबकडीवर टेकण्याआधीच, ऐकणाऱ्याचे कान एका ठरावीक दिशेला वळलेले असत. एक चित्र हे कसं करू शकतं? उत्तराची सुरुवात आकाशात होते.

१९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीतून निघणाऱ्या कागदाच्या लांबच लांब पट्ट्या डोळ्यांनी तपासत होती. त्यांत तिला एक बारीकशी, ओळखीत न बसणारी खूण दिसली. कागदाचा वेग वाढवून ती पुन्हा टिपली, तेव्हा कळलं की आकाशातल्या एका जागेवरून दर १.३३७ सेकंदांनी एक ठोका येतोय, म्हणजे मिनिटाला साधारण ४५. तो इतका नियमित होता की तिने आणि तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांनी त्याला अर्धं गमतीने 'एलजीएम-१' म्हटलं: 'लिटल ग्रीन मेन', परग्रहावरची हिरवी माणसं. माणसं कुठली, तो एका मेलेल्या ताऱ्याचा गाभा होता. सूर्याहून कितीतरी वजनदार तारा स्फोट होऊन संपतो, तेव्हा मागे उरतो तो जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा, पण सूर्याहून जास्त वस्तुमानाचा गोळा. तो स्वतःभोवती गरागरा फिरतो आणि त्याच्यातून निघणारा रेडिओ लहरींचा झोत प्रत्येक फेरीला एकदा पृथ्वीवरून सरकतो. या ताऱ्यांना नाव पडलं पल्सार.

पुढे पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीवर कॉर्नेल विद्यापीठाचा हॅरल्ड क्राफ्ट हा विद्यार्थी हेच पल्सार अभ्यासत होता. ठोका ठरल्या वेळी येतो, पण त्या एका ठोक्याच्या पोटात काय असतं, हा त्याचा प्रश्न. म्हणून त्याने एकामागून एक आलेल्या ठोक्यांच्या आकृत्या एकाखाली एक रचल्या. रेघा एकमेकींत गुंतू नयेत यासाठी पुढच्या उंच रेघेमागे मागची रेघ झाकून टाकणारी आज्ञावली लिहिली. चित्राला डोंगररांगेची खोली आली ती तिथून. १९७० च्या त्याच्या प्रबंधातली ही आकृती नीट पाहिली की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. तबल्याच्या ठेक्यात सम जशी ठरल्या जागीच येते, पण हाताखालून निघालेलं कुठलंही आवर्तन आधीच्याची नक्कल नसतं, तसंच इथे आहे. काळ पक्का, आकार दर वेळी नवा. असे ठोके टिपणाऱ्या जगातल्या मोठ्या यंत्रणांपैकी एक आपल्याकडे, जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळच्या खोडदला आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. जीएमआरटी नावाने ती ओळखली जाते आणि पल्सारांचा अभ्यास हे तिचं एक मुख्य काम आहे.

क्राफ्टची आकृती १९७१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये आणि पुढे केंब्रिजच्या खगोलशास्त्राच्या ज्ञानकोशात छापली गेली. तिथे ती जॉय डिव्हिजनच्या पोरांना सापडली. कव्हर करायला दिलं ते पीटर सॅव्हिल या २३ वर्षांच्या डिझायनरला. पुस्तकात काळ्या रेघा पांढऱ्या कागदावर होत्या. सॅव्हिलने त्या उलटवल्या. चित्र लहान केलं, भोवती भरपूर काळोख ठेवला आणि छपाईसाठी हाताला खरखरीत लागणारा पुठ्ठा निवडला. प्रबंधात जी मोजणी होती, ती आता रात्र झाली. क्राफ्टला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढे कधीतरी एका सहकाऱ्याकडून कळलं, तेव्हा तो रेकॉर्डच्या दुकानात गेला आणि स्वतःचीच आकृती पैसे देऊन विकत घेऊन आला.

आता आतल्या आवाजाकडे येऊ. निर्माता होता मार्टिन हॅनेट आणि मुद्रण झालं स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत. मंचावर हा बँड कर्कश, अंगावर येणारा. हॅनेटने त्याला सुटं-सुटं केलं. ड्रमचे तुकडे वेगवेगळे मुद्रित करून घेतले, त्यांना डिजिटल डिलेच्या यंत्रातून काढून किंचित उशिराने परतणारा थंड पडसाद दिला. स्टुडिओतल्या जुन्या लिफ्टचा आवाज घेतला, काच फुटल्याचा घेतला, स्प्रेच्या डब्यातून सुटणाऱ्या हवेचा तालवाद्यासारखा उपयोग केला. वाद्यांच्या मध्ये मोठ्या मोकळ्या जागा राहिल्या. बँडमधल्या काहींना हे तेव्हा मुळीच पटलं नव्हतं. त्यांना त्यांचा मंचावरचा दणका हवा होता. पण ऐकणाऱ्यांनी या रेकॉर्डबद्दल जे लिहिलं त्यात शब्द पुन्हा पुन्हा तेच येतात: पोकळी, थंडी, अंतर, अवकाश. हे सगळं खरोखर आवाजात आहे. प्रश्न असा की ही रेकॉर्ड चार हसऱ्या पोरांच्या रंगीत फोटोत गुंडाळून आली असती, तर त्या मोकळ्या जागा ऐकू आल्या असत्या का? की नुसतं 'ड्रम जरा लांब वाटतोय' एवढंच कोणी म्हटलं असतं?

ऐकणं हे एकट्या कानाचं काम नाही, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसून आलं आहे. सगळ्यात गाजलेला पुरावा १९७६ चा, हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांचा. पडद्यावरच्या माणसाचे ओठ 'गा' म्हणतात, ध्वनिक्षेपकातून 'बा' येतो, आणि बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना चक्क 'डा' ऐकू येतो. डोळे मिटले की पुन्हा 'बा'. युक्ती माहीत असली तरी फरक पडत नाही. डोळा आणि कान आपापला अहवाल वेगवेगळा देतात आणि मग आपण निवड करतो, असं इथे घडतच नाही. आपल्यापर्यंत पोचतो तो दोघांचा मिळून झालेला एकच अनुभव.

हे अक्षरांपुरतं नाही. २०१३ मध्ये चिया-जुंग त्से या संशोधिकेने शास्त्रीय संगीताच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधल्या अंतिम तीन वादकांच्या छोट्या चित्रफिती लोकांना दिल्या आणि विजेता ओळखायला सांगितलं. काहींना फक्त आवाज, काहींना आवाजासह चित्र, काहींना नुसतं मुकं चित्र. बहुतेकांनी आधी छातीठोकपणे सांगितलं होतं की निकाल आवाजावरच लागतो. प्रत्यक्षात विजेते सर्वांत चांगले ओळखले ते मुकं चित्र पाहणाऱ्यांनी. त्यांत नवखे होते तसे व्यावसायिक संगीतकारही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे स्टीफन पामर आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिका आणि मेक्सिकोतल्या लोकांना बाख, मोझार्ट आणि ब्राम्सचे तुकडे ऐकवून ३७ रंगांमधून जुळणारे रंग निवडायला लावले. जलद आणि मेजर स्वरसप्तकातल्या संगीताला लोकांनी उजळ, भडक, पिवळसर रंग दिले. संथ आणि मायनरला काळपट, निळसर. दोन्ही देशांत कल सारखाच. संशोधकांनी दुवा शोधला तेव्हा तो भावनेत सापडला. आनंदी वाटलेल्या सुरांना आनंदी वाटलेले रंग मिळत होते. म्हणजे चित्र आणि सूर यांच्यात एक चोरवाट आहे आणि ती मनाच्या लहरीतून जाते.

यांतला कुठलाच प्रयोग रेकॉर्डच्या कव्हरावर केलेला नाही. पण कव्हर जिथे उभं असतं ती जागा या प्रयोगांनी दाखवून दिली. ते पहिल्या सुराच्या आधी येतं आणि त्या वाटेच्या तोंडाशी बसतं. मेंदू पुढे काय येणार याचा अंदाज सतत बांधत असतो. काळोख पाहिलेला श्रोता आवाजात काळोख शोधायला निघतो, आणि तो तिथे थोडाफार असेल तर त्याला नक्की सापडतो. एलपी वाजत असताना, विशेषतः एकट्याने ऐकताना, डोळ्यांना दुसरं काम नसतं. मग एका बाजूच्या वीसेक मिनिटांत नजर कव्हरावरून किती वेळा फिरते! चित्रातला प्रत्येक कोपरा कुठल्या ना कुठल्या गाण्याला चिकटतो, आणि वर्षांनंतर तो कोपरा दिसला की गाणंही सोबत येतं.

शब्दांचं मात्र उलटं होऊ शकतं. एलिझाबेथ हेलमथ मार्ग्युलिस यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगीताचं शिक्षण न घेतलेल्या लोकांना बेथोवेनच्या चतुष्कांचे तुकडे ऐकवले, काही वेळा आधी वर्णन वाचायला देऊन आणि काही वेळा न देता. वर्णन वाचून ऐकलेले तुकडे लोकांना कमी आवडले. वर्णन वाचलेला माणूस बहुधा ते पडताळत बसतो. मला वाटतं, चित्राचं बळ त्याच्या संदिग्धतेत आहे. ते 'हे ऐका' असं म्हणत नाही. फक्त एक हवा तयार करतं आणि बाजूला होतं. सॅव्हिलने पुढच्या बाजूवरून सगळी अक्षरं काढून टाकली, तेव्हा त्याने हाच हिशेब डोळ्यांच्या अंदाजाने केला असावा.

गंमत म्हणजे रेकॉर्डला चेहरा असावा ही कल्पनाच बरीच उशिरा सुचली. भारतात १९०२ साली पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गौहर जान गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्याने सांगत असत. तबकड्या छापायच्या जर्मनीतल्या हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना कुठली तबकडी कोणाची हे कळावं म्हणून ही सोय, असं सांगितलं जातं. कव्हराचं काम आवाजच करत होता! तबकडीवर चित्र असेलच तर ते मधल्या लेबलवरच्या छापाचं. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा कुत्रा आपल्याकडच्या कित्येक घरांत असाच आला. बाकी तबकडी साध्या कागदी पिशवीत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावत. त्यामुळे एखादी सिंफनी चार-पाच तबकड्यांवर पसरे, आणि त्या जाड बांधणीच्या, पुस्तकासारख्या संचात ठेवल्या जात. दुकानात या संचांच्या करड्या-तपकिरी पाठी तेवढ्या दिसत. अमेरिकेतल्या धंद्यात त्यांना थडगी म्हणत.

थडग्यांवर पहिलं रंगीत चित्र काढलं अॅलेक्स स्टाइनवाइस या ब्रुकलिनच्या तरुणाने. कोलंबिया कंपनीने त्याला विशीत असतानाच कलाविभाग सांभाळायला घेतलं होतं. १९४० मध्ये रॉजर्स आणि हार्ट या जोडीच्या गाण्यांचा संच निघणार होता. स्टाइनवाइसने न्यूयॉर्कमधल्या एका थिएटरच्या मालकाला गळ घातली, दर्शनी कमानीवरच्या दिव्यांच्या पाटीवर संचाचं नाव लावायला लावलं आणि त्या झगमगत्या पाटीचा फोटो कव्हरावर छापला. आता संच हातात घेतला की माणूस नाटकाच्या दारात उभा असे. सुई टेकवणं म्हणजे पडदा वर जाणं. कंपनीचे अधिकारी खर्चाने धास्तावले होते, पण विक्रीने त्यांना गप्प केलं. बेथोवेनच्या 'इरोइका' सिंफनीचं जुनंच मुद्रण नव्या कव्हरात आलं आणि त्याचा खप ८९५ टक्क्यांनी वाढला, असा आकडा त्या काळी छापून आला होता. आतला एकही सूर बदलला नव्हता.

१९४८ मध्ये कोलंबियाने एलपी आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, बारा इंचांची एकच हलकी तबकडी. तिच्यासाठीचं पातळ पुठ्ठ्याचं कव्हरही स्टाइनवाइसनेच बेतलं. आपल्या संगीताच्या दृष्टीने हा बदल केवढा मोठा, हे वेगळं सांगायला नको. तीन मिनिटांत कोंबलेला ख्याल आता आलापासह पसरू शकत होता. १९५५ मध्ये अमेरिकेत अली अकबर खाँसाहेबांची एलपी निघाली, सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक राग घेऊन, सुरुवातीला येहुदी मेन्युहिन यांच्या तोंडून परिचय घालून. वेळ वाढला तशी नजरेलाही सुमारे एक फूट बाय एक फूट जागा मिळाली.

या जागेचा सगळ्यात शिस्तबद्ध वापर पाहायचा तर न्यूयॉर्कच्या 'ब्लू नोट' कंपनीकडे जावं लागतं. बर्लिनहून आलेले आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे दोन मित्र जॅझच्या प्रेमापोटी ती चालवत. वुल्फ ध्वनिमुद्रण चालू असताना फोटो काढायचा: धूर, घाम, बंद डोळे. हे फोटो जायचे रीड माइल्सकडे. तो ते निर्दयपणे कापायचा, एकच रंग चढवायचा आणि अक्षरांनाच वाद्यांसारखं वाजवायचा. ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्डच्या 'हब-टोन्स'वर काळ्या उभ्या पट्ट्यांची रांग आहे, आणि त्यातली एकच पट्टी दाबल्यासारखी जागेवरून सरकलेली. जॅकी मॅक्लीनच्या 'इट्स टाइम!'वर उद्गारचिन्हांची नुसती झुंबड. सुमारे दहा वर्षांत माइल्सने जवळजवळ पाचशे कव्हरं केली. जॅझ दिसायला कसं असतं, हे जगाला शिकवलं ते या माणसाने. आणि त्याला स्वतःला जॅझची फारशी आवडच नव्हती. तो पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐके. लायन त्याला मैफलीचा मूड तोंडी सांगायचा आणि माइल्स त्यावरून चित्र बांधायचा. कदाचित म्हणूनच ती कव्हरं सुरांचं भाषांतर करायला जात नाहीत. ती फक्त ऐकणाऱ्याची पाठ ताठ करतात.

कव्हर काय दाखवतं याइतकंच ते काय झाकतं हेही ऐकण्यात उतरतं, आणि याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण थेट भारताशी जोडलेलं आहे. १९६७ चं बीटल्सचं 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड'. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या कलावंत दांपत्याने पुठ्ठ्यातून कापलेल्या माणसाएवढ्या आकृत्यांची गर्दी उभारली आणि तिच्यासमोर लष्करी बँडच्या भडक पोशाखातले चौघे. मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले; पॉप संगीतात हे नवं होतं. गर्दीत जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहाने चार भारतीय योगी आले: महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, श्री युक्तेश्वर गिरी आणि परमहंस योगानंद. पाचवे भारतीय होते महात्मा गांधी. ईएमआयचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड यांनी त्यांना काढायला लावलं. भारतात लोक दुखावतील आणि तिथे रेकॉर्ड विकता येणार नाही, ही भीती. छापलेल्या कव्हरात त्या जागी झाडाची पानं आहेत. दुसरी बाजू सुरू होते तीच हॅरिसनच्या भारतीय वळणाच्या गाण्याने. त्यावर दिलरुबा वाजवला अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांनी, तंबोरा बुद्धदेव कन्सारा यांचा, तबला नटवर सोनी यांचा. कव्हरावर साठेक चेहऱ्यांना जागा होती. या चौघांची नावं मात्र कुठेच नव्हती, आणि ती जगापुढे यायला पन्नास वर्षं लागली. कित्येक पिढ्यांनी ते गाणं योग्यांच्या चेहऱ्यांसकट ऐकलं, म्हणून त्यांना त्यात हिमालयाचं गूढ ऐकू आलं. लंडनमध्ये राहणाऱ्या चार वादकांचं काम ऐकू यायला नावं छापलेली हवी होती.

त्याच वर्षअखेरीला जिमी हेंड्रिक्सची 'अॅक्सिस: बोल्ड अॅज लव्ह' निघाली. तिच्यावर विष्णूचं विराट रूप, आणि त्यात मध्यभागी हेंड्रिक्स व त्याचे दोन साथीदार. भारतातल्या देवघरात लागणाऱ्या छापील तसबिरीवरून ते चित्र उचललं होतं. रविवर्मांच्या छापखान्याने घरोघरी पोचवलेल्या देवचित्रांच्या कुळातलं. हेंड्रिक्सला ते रुचलं नाही. त्याच्या घराण्यात अमेरिकेतल्या आदिवासी चेरोकींचं रक्त असल्याचं मानलं जाई, आणि त्याच्या मनात असलेला 'इंडियन' तो होता. कंपनीने भलताच इंडियन छापला. आतल्या संगीतात सतार नाही, राग नाही. तरी ती रेकॉर्ड पूर्वेच्या अध्यात्माच्या कप्प्यात कितीदा ठेवली गेली! चित्र चुकीच्या दारातून आत नेतं, तरी आत गेलेला माणूस तिथे ओळखीच्या वस्तू शोधून काढतोच.

कव्हर कधी कधी आवाजावर अक्षरशः ओरखडाही काढतं. १९७१ च्या रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स'साठी अँडी वॉरहॉलने जीन्सच्या फोटोवर खरीखुरी चेन लावण्याची कल्पना मांडली. गठ्ठ्यांत रचलेल्या रेकॉर्डी गाड्यांतून निघाल्या आणि एका कव्हराची चेन शेजारच्या तबकडीत रुतून एका गाण्याची वाट लागू लागली. तोडगा निघाला तो असा: पाठवण्याआधी चेन अर्ध्यापर्यंत उघडायची, म्हणजे तिचा दाब मधल्या कागदी लेबलवर पडेल आणि खाचांना धक्का लागणार नाही.

हे सगळं विसाव्या शतकातलं आणि पश्चिमेतलं वाटत असेल, तर जरा मागे वळून पाहावं. सुरांना चित्र देण्याचा सर्वांत दीर्घ प्रयोग आपल्याच भूमीवर झाला. रागमाला चित्रांची परंपरा सोळाव्या शतकापासून जवळजवळ तीनशे वर्षं राजस्थानात, पहाडी राज्यांत आणि दख्खनमध्ये बहरली. सोळाव्या शतकाच्या अखेरची काही अप्रतिम रागमाला चित्रं उत्तर दख्खनची, बहुधा अहमदनगरच्या निजामशाहीच्या परिसरातली, मानली जातात. साधारण ३६ चित्रांचा संच: सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या. तोडी म्हणजे वीणा घेतलेली एकाकी स्त्री आणि तिच्याभोवती गोळा झालेली हरणं. हिंदोल म्हणजे झोपाळा. मेघ म्हणजे दाटलेले ढग आणि त्यांखालचं नृत्य. आसावरी म्हणजे चंदनाच्या झाडाखाली नागांना जवळ करणारी स्त्री.

या चित्रांत कोमल-तीव्र स्वर कुठेही नाहीत. ती बांधली आहेत रागाच्या ध्यानाच्या श्लोकांवर, त्यातल्या कल्पित रूपावर. एकाच रागाचं चित्र प्रांताप्रांतात वेगळं पडतं आणि स्वरांशी त्याचा मेळ घालता घालता अभ्यासक थकतात. पण हेच तर क्राफ्टच्या आकृतीबद्दल म्हणता येईल: त्या ताऱ्याचा जॉय डिव्हिजनच्या गाण्यांशी काडीचा संबंध नव्हता. संबंध चित्र काढताना नसतो, ऐकताना जोडला जातो. तोडीतली हरणं एकदा पाहिलेल्या श्रोत्याला त्यातला कोमल गंधार निव्वळ उतरलेला स्वर वाटत नाही. कोणीतरी कान टवकारून थांबलंय असं वाटतं. आपल्याकडच्या एलपींनीही हा धागा पुढे नेला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर यांनी काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांमधून उलगडला. कथा कळल्यावर अहिर भैरव नुसता राग राहत नाही. खोऱ्यात उजाडायला लागतं.

मग आजचं काय? एलपीचं कव्हर साधारण ३१ सेंटिमीटरचं, म्हणजे साडेनऊशे चौरस सेंटिमीटरहून अधिक चित्र. ऐंशीच्या दशकात सीडी आली आणि ते १२ सेंटिमीटरवर उतरलं. आपल्याकडे त्याच सुमारास कॅसेटने घरं भरली, आणि चित्र तळहातात मावणाऱ्या उभ्या कागदावर आलं. त्यात बहुतेकदा गायकाचा चेहरा तेवढा राहिला. आता फोनच्या यादीत ते नखाएवढं आहे. या आकारात माइल्सचं अक्षरांचं नाटक दिसणार नाही आणि ब्लेक-हॉवर्थच्या गर्दीतला एकही चेहरा ओळखू येणार नाही. ऐंशी रेघांचा काळा चौकोन मात्र नखाएवढा झाला तरी ओळखू येतो. म्हणूनच तो टी-शर्टांवर, मगांवर, भिंतींवर जगभर पसरला. २०१२ मध्ये डिस्नेने त्याच रेघांतून मिकी माउसचं डोकं काढलेला शर्ट बाजारात आणला होता आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. तो शर्ट घालून फिरणाऱ्या अनेकांनी ती रेकॉर्ड कधी ऐकलेली नसते, याबद्दल तिचे जुने चाहते नाक मुरडतात. मला उलटच कुतूहल वाटतं. त्यांच्यापैकी एखादा कधीतरी ती पहिल्यांदा ऐकेल, तेव्हा त्याच्या डोळ्यांत ते चित्र कित्येक वर्षं मुरलेलं असेल. एवढी दीर्घ पूर्वतयारी करून संगीत ऐकायला बसणारा श्रोता याआधी फार थोड्यांनी पाहिला असेल.

'निव्वळ संगीत ऐकावं, बाकी सगळं बाजूला ठेवावं' हा सल्ला आदराने दिला जातो. त्यात तथ्यही आहे. चित्राची सवय एखाद्या रेकॉर्डला एकाच अर्थात कायमची कोंडून ठेवू शकते, आणि कधीमधी कव्हर न पाहता ऐकणं हा त्यावरचा उत्तम उतारा आहे. पण निव्वळ कान असा कोणाकडेच नसतो. कव्हर नसेल तर मैफलीचा मंच असतो, गायकाचा हात असतो, बंदिशीतला पाऊस असतो, नाहीतर खिडकीबाहेरचा. डोळ्याला काहीतरी मिळणारच आहे. चांगलं कव्हर करणाऱ्याने एवढंच ओळखलेलं असतं, आणि तो ती जागा योगायोगावर सोडत नाही. सूर तेच राहतात; त्यांच्यात आपण काय शोधायला जातो ते तो ठरवतो, आणि ऐकताना सापडतं ते बहुतेकदा शोधायला गेलेलंच असतं.